टोर्नेडोचा पाठलाग आणि हरिकेनचा पाठलाग: तयारी एकाची, गाठ दुसऱ्याशी

अमेरिकेत वादळांच्या मागावर जाणारी मंडळी वसंतात ओक्लाहोमा-कॅन्ससच्या मैदानांत टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारी प्रचंड वावटळ, शोधत फिरतात. त्यांच्यातलेच काही जण ऑगस्ट-सप्टेंबर आला की मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याकडे वळतात, हरिकेन (समुद्रावरून येणारं मोठं चक्रीवादळ) गाठायला. माणसं तीच, गाडी तीच, कॅमेरेही तेच. त्यामुळे लांबून बघणाऱ्याला हा एकच छंद वाटतो, आणि टोर्नेडोचे काही मोसम गाठीशी असलेल्याला वाटतं की एवढा अनुभव किनाऱ्यावरही पुरेल. माझ्या मते खरा धोका या समजुतीतच आहे. टोर्नेडोच्या मागे असताना जीव वाचवतो तो रस्ता. हरिकेनमध्ये जीव वाचवते ती जागा, आणि ती वारा सुटायच्या आत ठरवून, बघून, ताब्यात घेऊन ठेवावी लागते.

टोर्नेडोचं आधी थोडक्यात सांगतो. तो बहुधा फार तर काहीशे मीटर रुंद असतो आणि बऱ्याचदा काही मिनिटांत विरतो. सकाळी नॉर्मनच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा अंदाज वाचायचा, दुपारी रडारवर आणि आकाशावर नजर ठेवायची, सुपरसेल (टोर्नेडो जन्माला घालू शकणारा, स्वतःभोवती फिरणारा गडगडाटी ढग) उभा राहिला की त्याच्या दक्षिण-आग्नेय बाजूला राहायचं आणि निसटायला रस्ता मोकळा ठेवायचा. मैदानात रस्ते चौकटीसारखे आखलेले असतात, दृष्टी लांबवर पोचते, आणि टोर्नेडो टळला की काही वेळात आभाळ निवळतंही. हा खेळ सोपा आहे असं मात्र कोणी समजू नये. 31 मे 2013 रोजी एल रेनोचा टोर्नेडो 4.2 किमी रुंद झाला, त्याने वेग आणि दिशा झपाट्याने बदलली, आणि टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघे त्यात गेले. कसलेले, सावध संशोधक होते ते. तरीही तिथलं मूळ तत्त्व कायम आहे: गाडी चालू, तोंड बाहेरच्या दिशेला.

हरिकेनला असं बाहेरचं तोंडच नसतं. वाऱ्याचा पसारा शेकडो किलोमीटरचा. डोळा, म्हणजे वादळाचा मधला शांत भाग, किनाऱ्याला लागायच्या कितीतरी तास आधी झाडं पडायला लागतात, सखल रस्त्यांवर पाणी चढतं, आणि वारा ताशी 65 किमीच्या आसपास गेला की अनेक ठिकाणी उंच पूल बंद होतात. किनाऱ्यालगतच्या लांबट बेटांवर जायला बहुधा एखाद-दुसराच पूल असतो. तो बंद झाला की तुमची गाडी म्हणजे फक्त एक पत्र्याचा डबा.

म्हणून घड्याळ नीट समजून घ्यायला हवं. मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरची पत्रकं पूर्व किनाऱ्याच्या उन्हाळी वेळेनुसार पहाटे 5, सकाळी 11, संध्याकाळी 5 आणि रात्री 11 वाजता येतात. किनाऱ्याला इशारे लागू असले की मध्ये 2 आणि 8 वाजताही. ‘वॉच’ (वादळाची शक्यता) साधारण 48 तास आधी दिला जातो आणि ‘वॉर्निंग’ (वादळ अपेक्षित) साधारण 36 तास आधी. इथे बरेच जण चुकतात. हे तास डोळा येईपर्यंतचे नसतात. ताशी 63 किमीचे वारे सुरू होण्याची वेळ धरून ते मोजलेले असतात, कारण त्यानंतर बाहेर कामं उरकणं धोक्याचं होतं. तुमचंही शेवटचं काम त्याआधीच आटपलेलं असलं पाहिजे. टोर्नेडोवाला शेवटच्या दहा मिनिटांत निर्णय फिरवतो आणि त्याचं कौशल्य तिथेच दिसतं. हरिकेनमध्ये शेवटच्या सहा तासांत निर्णय फिरवायला निघालेला माणूस पुरात अडकतो.

पेच असा, की डोळ्यात शिरायचं असेल तर नेमकी जागा याच शेवटच्या तासांत कळते. हरिकेन सेंटरच्या अंदाजाच्या नकाशावर वादळाच्या पुढच्या वाटेभोवती जो पांढरा कोन असतो, तो वादळाचा आकार दाखवत नाही. वादळाचं केंद्र कुठे असू शकेल एवढंच दाखवतो, आणि तेही साधारण तीनपैकी दोन वेळाच त्याच्या आत राहतं. किनारा वादळाच्या वाटेला आडवा असेल तर अंदाज थोडा चुकला तरी निभावतं. फ्लोरिडाचा पश्चिम किनारा मात्र दक्षिणेकडून येणाऱ्या वादळाला जवळजवळ समांतर धावतो. तिथे वादळ जरासं उजवीकडे कललं की किनाऱ्याला लागण्याची जागा पार बदलते. 2004 साली चार्ली (हरिकेनांना अशी नावं देतात) टँपाकडे जाईल अशी अनेकांची अपेक्षा होती, आणि तो पुंता गोर्दाच्या बाजूला वळला. 2022 साली इयनच्या वेळीही आधी सगळ्यांच्या नजरा टँपा बेवरच होत्या.

या दोन वादळांवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण किनाऱ्यावर जाणाऱ्याने दुसरं काही वाचलं नाही तरी एवढं वाचावं. चार्ली 13 ऑगस्ट 2004 रोजी आणि इयन 28 सप्टेंबर 2022 रोजी, दोघेही कायो कोस्टा या एकाच बेटापाशी किनाऱ्याला लागले. दोघांचाही वारा ताशी सुमारे 240 किमी, दोघेही 1 ते 5 च्या मापात श्रेणी 4. पण चार्ली लहानखुरा आणि चपळ होता, त्याने आणलेलं पाणी सहा-सात फुटांच्या घरातलं. इयन अवाढव्य होता. फोर्ट मायर्स बीचवर जमिनीपासून 10 ते 15 फूट पाणी चढलं आणि घरं मुळासकट गेली. श्रेणीचा आकडा दोन्ही वेळा तोच होता. तो वाऱ्याचा आकडा आहे, पाण्याबद्दल तो गप्प असतो.

वाऱ्याने किनाऱ्यावर लोटलेल्या या समुद्राच्या पाण्याला ‘स्टॉर्म सर्ज’ म्हणतात. टोर्नेडोच्या पाठलागात याला जोडच नाही, आणि म्हणूनच तिथून आलेल्याच्या हिशेबात ते बसत नाही. 2005 मध्ये कटरिना किनाऱ्याला लागली तेव्हा श्रेणी 3 होती, पण मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पाणी सुमारे 28 फुटांवर गेलं. 2008 चा आईक तर अवघ्या श्रेणी 2 चा. त्याने टेक्ससचा बोलिव्हर द्वीपकल्प धुऊन नेला. 1963 ते 2012 या काळात अमेरिकेत हरिकेनने थेट घेतलेल्या बळींपैकी जवळपास 90 टक्के पाण्याने गेले, आणि एकूण बळींपैकी साधारण निम्मे एकट्या सर्जने. वाहतं पाणी सहा इंच असलं तरी माणसाचा तोल जातो, फूटभर असलं की लहान गाडी वाहून जाऊ शकते, दोन फुटांत बहुतेक गाड्या.

बाजूही बघावी लागते. उत्तर गोलार्धात वारे घड्याळाच्या उलट फिरतात, त्यामुळे वादळ ज्या दिशेने चाललंय तिकडे तोंड करून उभे राहिलात तर उजव्या हाताचा किनारा पाण्याखाली जातो. इयनच्या वेळी फोर्ट मायर्स त्या बाजूला होतं. टँपा डावीकडे राहिलं, आणि तिथे वाऱ्याने खाडीचं पाणी उलट बाहेर ओढून तळ उघडा पाडला. कोरड्या तळावर चालायला जाणारे लोक बघून माझ्या पोटात गोळा येतो. गेलेलं पाणी परत येतं.

मग जागा कशी निवडायची? अनुभवी मंडळी बहुतेक वेळा काँक्रीटचं बहुमजली पार्किंग शोधतात, आणि मलाही त्याहून बरं काही सुचत नाही. आधी तिथल्या जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची पाहायची आणि हरिकेन सेंटरच्या संभाव्य सर्जच्या नकाशावर तिथे किती फूट पाणी दाखवलंय ते ताडून बघायचं. तळमजला सोडून द्यायचा. सगळ्यात वरचा उघडा मजलाही नको, कारण शेजारच्या छतांवरची खडी आणि पत्रे तिथे गोळ्यांसारखे येतात. मधला मजला घ्यायचा, गाडी आतल्या भिंतीच्या आडोशाला, आणि जवळ काँक्रीटचा बंदिस्त जिना हवाच, म्हणजे पाणी वाढलं तर वर जाता येईल. वारा डोळ्याच्या आधी एका बाजूने झोडपतो आणि डोळा गेल्यावर उलट बाजूने, म्हणून आडोसा दोन्हीकडून बघून ठेवायचा. मालकाची परवानगी दिवसाउजेडी घ्यायची. आणि हे सगळं पत्रकात सांगितलेल्यापेक्षा एक श्रेणी वर धरून करायचं. ऑक्टोबर 2023 मध्ये ओटिस एका दिवसाच्या आत साध्या उष्णकटिबंधीय वादळाचा श्रेणी 5 होऊन अकापुल्कोवर आदळला, हे विसरून चालणार नाही.

रात्रीचं हरिकेन असेल तर माझं स्पष्ट मत आहे: जाऊ नका. 2020 चा लॉरा लुईझियानात कॅमेरॉनला मध्यरात्रीनंतर एकच्या सुमाराला लागला, 2024 चा हेलीन फ्लोरिडात पेरीजवळ रात्री अकरा वाजून गेल्यावर. अंधारात पाणी कुठवर आलंय हेच दिसत नाही.

निघण्याच्या वाटेचंही उलटंच असतं. टोर्नेडोच्या दिवशी रस्ते तुमचे. किनारा रिकामा होत असताना मात्र कधी कधी महामार्गाच्या सगळ्या मार्गिका बाहेर जाणाऱ्यांसाठी फिरवलेल्या असतात. 2005 मध्ये रिटाच्या वेळी ह्यूस्टनमधून निघालेल्या लोकांना तासन्‌तास कोंडीत काढावे लागले आणि त्या स्थलांतरातच शंभराहून अधिक जण दगावले. अशा वेळी त्यांच्या वाटेवरचं पेट्रोल आणि आतल्या भागातल्या हॉटेलांच्या खोल्या त्यांच्यासाठी सोडायला हव्यात. बाहेर पडण्याचा सक्तीचा आदेश निघालेल्या भागात आपण मुळात का चाललोय, याचं उत्तर ज्याच्याकडे नाही त्याने तिथे जाऊ नये. वारा एका मर्यादेपलीकडे गेला की बचाव पथकं बाहेर पडत नाहीत, आणि तुमच्या फोनवर धावून येणारा माणूसही स्वतःचा जीव धोक्यात घालत असतो.

दोन्ही पाठलाग कधी कधी एकाच दिवशी भेटतात. 9 ऑक्टोबर 2024 रोजी मिल्टन सिएस्टा कीजवळ पश्चिम किनाऱ्याला लागायच्या आधीच फ्लोरिडाच्या पूर्व बाजूला सेंट लूसी काउंटीत टोर्नेडोंनी माणसं मारली. मैदानातलं कसब तिथे फारसं चालत नाही: टोर्नेडो पावसात लपलेले, वेगवान, आणि आजूबाजूला दृष्टी अडवणारी झाडी.

शेवटी परतीचा हिशेब. टोर्नेडोवाला त्याच रात्री मोटेलमध्ये जेवतो. हरिकेननंतर रस्त्यांवर झाडं आणि तुटलेल्या तारा, वीज नाही, आणि वीज नाही म्हणून पंपातून पेट्रोलही नाही. तेव्हा टाकी पूर्ण भरलेली, इंधनाचे योग्य डबे सोबत, काही दिवसांचं पाणी आणि कोरडा शिधा, हातकरवत, प्रथमोपचाराची पेटी, कागदी नकाशा. आणि पोचल्याची खबर कुठल्या दिवशी, किती वाजेपर्यंत यायला हवी, हे घरच्या एकाला निघायच्या आधी लिहून द्यायचं. मोबाइलचे मनोरे पडलेले असतील हे धरून.