नाक बांधलं, पाठ भिजली

विदर्भात फवारणी करणाऱ्या माणसाला विचारलं, काय मारतोयस, की उत्तर येतं, ‘औषध’. विष हा शब्द कुणी उच्चारत नाही. 2017च्या पावसाळ्यात याच औषधाने यवतमाळ जिल्ह्यात 20हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव घेतला, शेकडो जण दवाखान्यात पोचले.

फवारणीपासून बचाव म्हटलं की आपल्याला आधी मास्क आठवतो. मास्क हवाच. पण उघड्या शेतात फवारणाऱ्याच्या अंगात विष शिरतं ते मुख्यतः कातडीतून. त्या वर्षी कपाशी कित्येक ठिकाणी डोक्याच्या वर गेली होती. अशा पऱ्हाटीवर नोझल वर धरून मारायचं म्हणजे तुषार छाती-तोंडावर येणारच, आणि ओल्या ओळींतून चालताना मांड्या भिजणारच. त्यात पाठीवरचा पंप गळका असला तर धार पाठीवरून थेट चड्डीपर्यंत.

ही धार कुठे जाते याला फार महत्त्व आहे. 1971 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वयंसेवकांच्या अंगाला वेगवेगळ्या ठिकाणी पॅराथिऑन हे कीटकनाशक लावून लघवीवाटे किती बाहेर पडतं ते मोजलं होतं. (आज अशा प्रयोगाला कोणी परवानगी देईल असं वाटत नाही.) कोपराखालच्या हातातून जेमतेम 9 टक्के आत गेलं, तळहातातून 12, कपाळातून 36, काखेतून 64. वृषणाच्या कातडीतून जवळजवळ सगळंच. म्हणजे हातमोजे घालून गळका पंप पाठीवर घेणाऱ्याने दाराला कडी लावली, पण खिडकी सताड उघडी ठेवली. भिजलेला सदरा संध्याकाळपर्यंत अंगावर वागवणं तर विषाची पोटीस बांधून फिरण्यासारखंच.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही कीटकनाशकं ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली. आपल्या मज्जातंतूंच्या टोकाला अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन निरोप पोचवतं, आणि निरोप पोचला की कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) त्याचे लगेच तुकडे करतं. विष या विकरालाच जखडतं. मग निरोप थांबतच नाही: लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब, स्नायूंचा थरथराट. छाती कफाने भरते, श्वासाचे स्नायू थकतात, आणि मरण बहुधा तिथेच येतं. सुरुवातीला मात्र फक्त डोकं दुखतं, मळमळतं. ‘ऊन लागलं’ म्हणून माणूस बांधावर पडून राहतो. डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली असेल, तर ते ऊन नव्हे.

विषबाधा एका दिवसातच होते असंही नाही. हे विकर रक्ताच्या तांबड्या पेशींमध्येही असतं, आणि तिथलं एकदा कायमचं जखडलं गेलं की नव्या पेशी तयार होतील तसंच भरून येतं. त्याला आठवडे, कधी महिने लागतात. शेताचा मालक हंगामात काही वेळा फवारतो. रोजंदारीवरचा मजूर आज या शेतात, उद्या त्या शेतात, रोज फवारतो. कालची तूट भरून यायच्या आत आजची भर पडते आणि मग एखाद्या दिवशी नेहमीएवढ्याच फवारणीने तो कोसळतो. कॅलिफोर्नियात अशी कीटकनाशकं नियमित हाताळणाऱ्या कामगाराचं विकर काम सुरू होण्याआधी मोजून ठेवतात. पुढे तांबड्या पेशींतली पातळी त्याच्या स्वतःच्या मूळ आकड्याच्या 70 टक्क्यांवर आली, तर त्याला त्या कामावरून हटवणं मालकाला बंधनकारक आहे. मूळ आकडा महत्त्वाचा, कारण माणसामाणसात हे प्रमाण बरंच वेगळं असतं. एरवी ‘नॉर्मल’ दिसणारा अहवालही धोक्याचा असू शकतो. आपल्याकडे मजुराचा मूळ आकडा कुणाकडे असणार?

उपचार आहेत. अ‍ॅट्रोपीन लाळ आणि छातीतला स्राव आटोक्यात आणतं. प्रॅलिडॉक्झिम वेळेत दिलं तर जखडलेलं विकर सोडवू शकतं. पण हे उतारे ऑर्गॅनोफॉस्फेटचे. फिप्रोनिल किंवा सिंथेटिक पायरेथ्रॉइड अशा दुसऱ्या गटांतल्या कीटकनाशकांवर ते लागू पडत नाहीत, तिथे लक्षणं बघूनच उपचार करावे लागतात. म्हणून डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, काय मारलं होतं? पंपात दोन-तीन डब्यांची मिसळ असते. ती मालकाने केलेली, डबेही त्याच्याच घरी. मजूर सांगतो, ‘औषध’.