भुरीचं औषध मागण्याआधी पान आणा

भुरी म्हणजे पानांवर पांढरी भुकटी पसरवणारा रोग. द्राक्षाची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली की आमच्या शेती औषधांच्या दुकानात रोज तेच ऐकू येतं: "शेजारच्या भेंडीवर भुरी आहे, तिथूनच माझ्या बागेत आली." भेंडीला दोष देऊ नका. द्राक्षावरची भुरी एरिसिफी नेकॅटर या बुरशीची. ही बुरशी द्राक्ष आणि त्याच्या कुळातल्या वेलींवरच वाढते. काकडी, वाटाणा, गुलाब यांच्यावरची भुरी दिसायला तशीच, पण बुरशी वेगळी. रोग बहुधा आपल्याच वेलीच्या डोळ्यांत आणि काड्यांवर दबा धरून असतो, नाहीतर शेजारच्या द्राक्षबागेतून वाऱ्याने येतो. पाऊस नसतानाही येतो, कारण या बुरशीला पान ओलं लागत नाही. ढगाळ हवा आणि दाटलेला मांडव पुरतो.

खरा घोळ फोनवर होतो. "पानं पांढरी पडलीत, औषध काढून ठेवा," एवढंच सांगितलं जातं. अहो, पांढरं डाऊनी या द्राक्षाच्या दुसऱ्या रोगातही दिसतं! डाऊनीत पानावर पिवळट तेलकट डाग पडतो आणि पांढरी वाढ फक्त खालून असते. भुरी दोन्ही बाजूंना येते, बोटाने पुसली जाते; मण्यांवर राख उडाल्यासारखी दिसते आणि पुढे मणी तडकतात. डाऊनीवरच्या मेटालॅक्झिलने भुरी हलत नाही, भुरीवरच्या हेक्झाकोनॅझोलने डाऊनी थांबत नाही. फवारा चुकला की औषध, डिझेल, मजुरी गेली आणि तेवढे दिवस रोगाला मोकळं रान.

म्हणून पान बघितल्याशिवाय आम्ही औषध देत नाही. काहींना राग येतो, पण डबा परत घ्यायला लागण्यापेक्षा तो बरा. पान प्लॅस्टिकच्या पिशवीत आणू नका, आत घाम धरतो आणि भुरी पुसली जाते. दोन-तीन पानं आणि जमलं तर रोगट घडाचा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून आणा. भिंग काउंटरवरच आहे, तपासणीचे पैसे नाहीत.

पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक आमच्याकडे कायम असतं. स्वस्त आहे, भुरी दिसण्याआधी मारलं तर उत्तम. मात्र पारा ३५ अंशांवर असताना मारलं तर पानं करपतात, कडक थंडीत ते मंदावतं, आणि तेलकट औषधांच्या जोडीला तर नकोच. निर्यातीचा माल असेल तर येताक्षणी तसं सांगा; मग फवारणीपासून काढणीपर्यंतचे दिवस मोजूनच औषध निवडावं लागतं.

सकाळी गर्दी असते. दुपारी आलात तर पान निवांत बघता येईल.