खडे डबीत, पिशवी फॉर्मॅलिनमध्ये

पित्ताशयाचं ऑपरेशन झालं की नातेवाइकांच्या हातात खड्यांची डबी येते आणि घरभर ती खुळखुळवून बघितली जाते. ‘खडे काढले’ असं आपण म्हणतो; काढतात ती खड्यांसकट पित्ताशयाची अख्खी पिशवी. आणि कुणाच्या ध्यानीमनी नसलेला कर्करोग असलाच तर त्या पिशवीच्या भिंतीत सापडतो: प्रदेशाप्रमाणे हजारात दोन-तीन ते शंभरात दोन-तीन जणांना. गंगेच्या पट्ट्यात जास्त, आपल्याकडे बराच कमी.

सोनोग्राफीत का कळत नाही? खड्यांची सावली मागचं झाकते, आणि भिंत ३ मिलिमीटरहून जाड दिसली तरी ती जुन्या सुजेनेही तशी होते.

खरी मेख भिंतीच्या रचनेत आहे. आतड्यात अस्तर आणि स्नायू यांच्यामध्ये सबम्युकोसा नावाचा थर असतो. पित्ताशयाला तो नाहीच. अस्तर, लगेच स्नायू, मग विरळ संयोजी ऊतक (थरांना जोडणारा सैल पदर). पोटाकडच्या बाजूला त्यावर सिरोसाचं म्हणजे सगळ्यात बाहेरचं पातळ आवरण, यकृताला चिकटलेल्या बाजूला तेही नाही. सर्जन पिशवी यकृतापासून सोडवतो ती याच विरळ ऊतकातून. खड्यांसाठी ते अगदी बरोबर. पण गाठ स्नायू ओलांडून तिथवर आली असेल, तर काप तिच्यातूनच जातो.

म्हणून गाठ किती खोल गेली यावर सगळं ठरतं. ती अस्तरापुरती (डॉक्टरांच्या श्रेणीत टी१ए) असेल, पित्ताशयाच्या कापलेल्या नळीची कड कर्करोगमुक्त असेल आणि पिशवी फुटली नसेल, तर झालेलं ऑपरेशन पुरतं. स्नायूत शिरली असेल (टी१बी) किंवा त्यापुढे गेली असेल, तर बहुधा चार ते आठ आठवड्यांत पुन्हा ऑपरेशन: यकृताचा पित्ताशयालगतचा भाग (४बी-५) आणि आसपासच्या लसिकाग्रंथी काढायच्या. पिशवी फुटून पित्त सांडलं तर पेशी पोटात, दुर्बिणीसाठी पोटाला पाडलेल्या छिद्रातही रुजतात. कर्करोगाची शंका असेल तर पिशवी प्लास्टिकच्या थैलीत घालूनच बाहेर काढावी.

(घरगुती उपाय म्हणून तेल-लिंबू पिऊन ‘पडलेले’ हिरवे खडे हे पोटात तयार झालेले साबणाचे गोळे असतात. ते तपासायला पाठवू नका.)

पिशवी मात्र पाठवावी, तीही नीट. बंदच बुडवली तर फॉर्मॅलिन (ऊतक कुजू न देणारं द्रावण) आत पोचत नाही आणि पित्त अस्तर कुजवतं. यकृताकडची बाजू न दुखावता, मोकळ्या बाजूने उघडून, आकारमानाच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये ठेवायची. टाके दाखवायला जाल तेव्हा बायोप्सीचा रिपोर्ट मागून घ्या.