आईलाही न कळणारे दोन आठवडे

पाळी चुकते, मग शंका, मग तपासणीची पट्टी. ‘दिवस गेले’ हे घरात कळेपर्यंत भ्रूण दोन आठवड्यांचं झालेलं असतं. बीजवाहिनीत बीजांड फळतं, साधारण तीस तासांत एका पेशीच्या दोन होतात. चौथ्या दिवसापर्यंत तुतीच्या फळासारखा गोळा तयार होतो, पाचव्या दिवशी त्यात पाण्याची पोकळी दिसते, आणि सहाव्या-सातव्या दिवशी तो गर्भाशयाच्या अस्तरात रुतू लागतो. हे सगळं आईच्याही नकळत. म्हणूनच माणसाच्या वाढीचा हा पहिला पंधरवडा अभ्यासकांच्या नजरेला सगळ्यात शेवटी पडला.

कल्पना मात्र फार जुन्या आहेत. गर्भोपनिषद सांगतं: एका रात्रीत कलल, म्हणजे चिकट द्रव, सात रात्रींत बुद्बुद, पंधरवड्यात पिंड. सातव्या दिवसाचा बुडबुडा वाचून अंगावर काटा येतो खरा, पण ते पाहून लिहिलेलं होतं असं म्हणायला आधार नाही. पाहणं किती अवघड होतं, हे इंग्लंडचा वैद्य विल्यम हार्वे याच्या कामावरून कळतं. राजाच्या रानातल्या हरिणी माजाच्या हंगामानंतर त्याने चिरून पाहिल्या, पण कित्येक आठवडे गर्भाशयात त्याला काहीच सापडलं नाही. सस्तन प्राण्याचं बीजांड अखेर १८२७ साली कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाला दिसलं, एका कुत्रीच्या अंडाशयात, पिवळसर ठिपक्यासारखं. माणसाचं बीजांडही जेमतेम ०.१ मिलिमीटरचं, म्हणजे वाक्याच्या शेवटच्या पूर्णविरामाहूनही लहान.

खरी उडी अमेरिकेत पडली. १९१४ साली बाल्टिमोरमध्ये कार्नेगी संस्थेचा भ्रूणशास्त्र विभाग सुरू झाला आणि गर्भपातांतून, शस्त्रक्रियांतून मिळालेले मानवी भ्रूण तिथे क्रमांक घालून जपले जाऊ लागले. पण अगदी पहिल्या दिवसांचे भ्रूण त्यात नव्हते. ते मिळवले बोस्टनजवळ जॉन रॉक आणि आर्थर हर्टिग या डॉक्टरांनी, १९३८ पासून सुमारे पंधरा वर्षांत. ज्यांचं गर्भाशय काढायचं ठरलेलं होतं अशा दोनशेहून अधिक स्त्रियांनी पाळीच्या आणि संबंधांच्या तारखा टिपून दिल्या. शस्त्रक्रियेनंतर गर्भाशय उघडून हर्टिग त्यातला कण शोधत. हाती आले ३४ भ्रूण, दोन दिवसांपासून सतराव्या दिवसापर्यंतचे. पाठ्यपुस्तकांत ज्यांच्या आकृत्या आपण गिरवल्या, त्यांतल्या कितीतरी याच भ्रूणांच्या. शास्त्रज्ञांची नावं आपल्याला पाठ आहेत, भ्रूणांना क्रमांक आहेत, त्या बायकांची नावं कुणाच्याच ओठी नाहीत. मला हे फार लागतं.

रॉक यांच्याच प्रयोगशाळेत मिरियम मेन्किन सहा वर्षं काचेच्या भांड्यात बीजांड फळवण्याच्या खटपटीत होत्या. बीजांड मिळवायचं, धुवायचं, शुक्राणूंसोबत अर्धा तास ठेवायचं, आणि पुन्हा अपयश. फेब्रुवारी १९४४ मध्ये, दात येणाऱ्या तान्ह्या लेकीपायी रात्री जागून दमलेल्या मेन्किन यांच्याकडून तो वेळ तासभरावर गेला. नंतर पाहतात तर एका पेशीच्या दोन झालेल्या! शरीराबाहेर फळलेलं मानवी बीजांड त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

तिथून १९७८ च्या लुईस ब्राऊनपर्यंतची, म्हणजे शरीराबाहेर फळलेल्या बीजांडातून जन्मलेल्या जगातल्या पहिल्या बाळापर्यंतची वाट रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांची. त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून याच पद्धतीने दुर्गा जन्मली, पण त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. ऑगस्ट १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून अशीच हर्षा जन्मली.

आता भ्रूण काचेखाली दिवसेंदिवस पाहता येतो, तोही एका मर्यादेपर्यंतच. १९८४ साली ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने प्रयोगशाळेत भ्रूण वाढवायला चौदा दिवसांची सीमा सुचवली, कारण त्याच सुमारास शरीराचा अक्ष ठरवणारी रेघ उमटते. २०१६ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी भ्रूण बारा-तेरा दिवसांपर्यंत वाढवले आणि तिथेच थांबवले. त्यापुढचे दिवस पाहायचे तर अजूनही बहुतेकदा जुन्या संग्रहांतल्या काचपट्ट्याच काढाव्या लागतात. कार्नेगीचा तो ठेवा आज मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या वैद्यकीय संग्रहालयात आहे.