डबा चालू आहे, मग जुलाब का थांबत नाहीत?

पोटाचा त्रास असलेल्या कुत्र्यांसाठी आम्ही जेवणाचा डबा बनवतो, आणि आम्हाला येणाऱ्या फोनांपैकी निम्मे तरी हेच असतात, की ताई तुमचा डबा सुरू करून दहा दिवस झाले पण आमच्या पिल्लूची शी अजून पातळच आहे, फ्लेवर बदलून बघू का? म्हणून हा कागद पहिल्या डब्यासोबत देतोय. फ्लेवर बदलू नका. आधी घरातल्या प्रत्येकाला विचारा की कुत्र्याला डब्याशिवाय अजून काय मिळतंय.

इंदूरच्या घरात सकाळी पोहे होतात, कुत्रा टेबलाखाली बसलेला असतो, मग दोन घास पोहे, वरची शेव, आजोबांच्या चहातलं अर्धं बिस्कीट आणि रात्री उरलेली दूध-पोळी, आणि विचारलं की सगळे म्हणतात की काही नाही हो, फक्त तुमचा डबा. कोणी खोटं बोलत नसतं, त्याला कोणी खाणं समजतच नाही एवढंच. पण आतड्याला ते समजतं. ज्या प्रोटीनने त्याला त्रास होतो ते थोडं थोडं का होईना रोज पोटात जात राहिलं तर आतड्याची सूज उतरत नाही, आणि डब्याचा फायदा झाला की नाही हे ना तुम्हाला कळतं ना डॉक्टरांना. तेवढे दिवस वाया जातात, परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं. आणि पोह्यांवरचा कांदा तर एरवीही नको, कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

जुलाब किंवा उलट्या ३ आठवड्यांपेक्षा जास्त दिवस येत-जात राहिल्या तर डॉक्टर त्याला जुना आजार धरतात. अशा कुत्र्यांपैकी बरेचसे फक्त खाणं बदलून सुधारतात. कुत्र्यांना खाण्याची अॅलर्जी जास्त करून बीफ, दूध, चिकन आणि गहू याची असते, आणि आपल्याकडचा कुत्रा लहानपणापासून वाढतो तो दूध-पोळी आणि चिकनवरच. म्हणून आम्ही त्याने आजवर न खाल्लेलं एकच मांस निवडतो, मासा किंवा मटण, आणि सोबत एकच कार्ब, भात किंवा रताळं. ऑर्डर घेताना आजवर काय काय खाल्लं ती यादी मागतो त्याचा लोकांना कंटाळा येतो हे माहीत आहे, पण यादीशिवाय नवीन मांस कोणतं ते ठरवणार कसं?

एका घरी बिस्किटं बंद, पोहे बंद, सगळं अगदी काटेकोर होतं, तरी शी चिकट आणि शेंबूड आल्यासारखी. एकेक गोष्ट विचारता विचारता निघालं की रोजची थायरॉइडची गोळी पेढ्यात लपवून दिली जात होती. पेढा म्हणजे खवा, खवा म्हणजे दूध. आम्ही त्याच डब्यातल्या माशाचा आणि भाताचा एक लहान गोळा वळून त्यात औषध द्यायला सांगितलं आणि मग कुठे शीला आकार यायला लागला. गोचीड आणि जंतांच्या चघळायच्या गोळ्यांनाही बरेचदा मांसाची चव लावलेली असते, पण त्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना दुसरा पर्याय विचारा. ट्रीट हवीच असेल तर त्याच मांसाचे वाळवलेले तुकडे आमच्याकडे मिळतात, डब्यासोबत सांगून ठेवा.

जुनं खाणं एका दिवसात बंद करू नका, साधारण ७ ते १० दिवसांत थोडं थोडं बदलत न्या. पोटाचा फरक पूर्ण डब्यावर आल्यापासून साधारण २ ते ४ आठवड्यांत दिसतो, पण सोबत खाज किंवा कानाचा त्रास असेल तर ८ आठवडे धरून चाला. फरक पडला की डॉक्टरांना विचारून जुन्या गोष्टी एकेक करून परत द्यायच्या, म्हणजे नेमकं काय सोसत नाही ते कळतं. ही पायरी सगळे टाळतात कारण कुत्रा बरा दिसतो, पण ती केलीत तर पुढे त्याला काय चालतं हे माहीत होतं आणि जन्मभर एकच डबा घ्यावा लागत नाही. आमचं गिऱ्हाईक कमी झालं तरी चालेल.

घरी चिकन-भात देतो मग तुमच्या डब्यात वेगळं काय, असंही विचारतात. दोन-तीन दिवस पोट बिघडलं तर चिकन-भात चांगलाच आहे. पण महिनोन्महिने तेवढंच दिलं तर मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाही, वाढत्या पिल्लाची हाडं त्याने कमजोर होतात. आम्ही कॅल्शियम आणि व्हिटॅमिन वजनाप्रमाणे मोजून घालतो, म्हणूनच कुत्र्याचं आत्ताचं वजन विचारतो, अंदाजाने सांगू नका. पॅन्क्रियाचा, म्हणजे पाचक रस बनवणाऱ्या स्वादुपिंडाचा त्रास झालेल्या कुत्र्याला तूप-चरबी सोसत नाही, त्याचं मांस चरबी काढून उकळतो आणि वरचा तवंगही काढून टाकतो, त्यामुळे त्याचा दर थोडा जास्त आहे.

डॉक्टरांना दाखवल्याशिवाय आम्ही डबा सुरू करत नाही, आणि यावरून काही लोक नाराज होऊन गेलेत. पण जिआर्डिया (आतड्यातला अगदी बारीक परजीवी) किंवा जंत असतील तर मासा-भात काय करणार, आधी स्टूल टेस्ट हवी. जर्मन शेफर्ड भरपूर खाऊनही वाळत चाललाय आणि शी ढीगभर, फिकट, तेलकट होतेय तर पॅन्क्रिया पाचक रस बनवत नसेल, त्याची रक्ताची वेगळी टेस्ट असते आणि मग प्रत्येक जेवणात एन्झाइमची पावडर लागते. पिल्लाला रक्ताचे जुलाब, शी काळी डांबरासारखी, किंवा एक दिवसही पाणी पोटात राहत नसेल तर आम्हाला फोन करू नका, सरळ दवाखाना गाठा.

पहिली ऑर्डर एका आठवड्याचीच देतो, महिन्याचा पॅक नंतर, आधी त्याला चव आवडते का ते बघू. व्हॉट्सअॅपवर वजन, वय, खाण्याची यादी, चालू औषधं आणि स्टूल टेस्टचा रिपोर्ट पाठवा. डबा फ्रीजमध्ये ३ दिवस, जास्तीचे फ्रीझरमध्ये, आणि देताना थोडा कोमट करून द्या म्हणजे वास येतो आणि नखरेवालेही खातात. सोबत एक तक्ता देतोय, त्यात रोज शी कशी झाली आणि डब्याशिवाय काय पोटात गेलं ते लिहायचं, चुकून एक बिस्कीट गेलं तरी लिहा, कोणी रागवणार नाही. तक्ता फ्रीजच्या दारावर लावा, म्हणजे आजोबांनाही दिसेल.