मूकपटांचे कॅमेरे: जे टिकले ते का टिकले

मूकपटांच्या जमान्यातला कॅमेरा मिळणं एक वेळ सोपं. तो जसाच्या तसा मिळणं अवघड. संग्राहकांच्या या दुखण्याचं मूळ १९२७ नंतरच्या बोलपटात आहे.

१८९५ची ल्युमिएर बंधूंची लाकडी पेटी, सिनेमॅटोग्राफ, चित्रण करायची, प्रिंट काढायची आणि पडद्यावर चित्रही दाखवायची. पुढे पॅथेचे चामड्याने मढवलेले कॅमेरे आले, मग सुटसुटीत दब्री पार्व्हो. सगळे हाताने फिरवायचे: सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला आठ फ्रेम (फिल्मवरची एकेक चित्रं), म्हणजे सोळा. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात वेग कॅमेरामनच्या मनगटावर असे आणि विनोदी प्रसंगांत तो मुद्दाम उतरवला जाई, की नेहमीच्या वेगाने दाखवल्यावर पडद्यावर सगळ्यांची पळापळ!

१९१२च्या सुमाराचा बेल अँड हॉवेल २७०९ मात्र वेगळंच प्रकरण. अंग धातूचं, पुढे चार लेन्सची फिरती तबकडी, माथ्यावर फिल्म ठेवायचं दोन गोल कप्प्यांचं मॅगझीन. खरी करामत आत. दार उघडून हँडल सावकाश फिरवलं, तर दोन बारीक पिना दिसतात. त्या जागच्या हलत नाहीत. फिल्मच त्यांच्यावरून उचलली जाते, एक फ्रेम सरकते आणि कडेच्या भोकांनी पुन्हा त्याच पिनांवर बसते. चित्र तसूभरही हलत नाही.

पण खडखडाट फार. मायक्रोफोन आल्यावर तो कुणाला चालणार? चित्रणाचा वेग २४ फ्रेमवर ठरला, हँडलच्या जागी मोटर आली, लाकडी पेट्या अडगळीत गेल्या. २७०९ला ॲनिमेशन आणि ट्रिक शॉटच्या टेबलावर नवं काम मिळालं. तिथे अचूकपणा हवा होता, गोंगाटाचं सोयरसुतक नव्हतं. म्हणून तो वाचला, पण मोटरचे जोड, बदललेली लेन्सची बैठक, नव्याने पाडलेली भोकं अंगावर घेऊन. हे सगळं उतरवून त्याला ‘मूळ’ करण्याचा हट्ट मला पटत नाही. त्या जोडकामामुळेच तो भंगारात गेला नाही.

जोडकामाची ही भानगड नको असेल, तर हौशी लोकांचे कॅमेरे बघावेत. १९२३चा पॅथे-बेबी साडेनऊ मिलिमीटर रुंद फिल्मचा, त्याच वर्षीचा सिने-कोडॅक १६ मिलिमीटरचा. स्टुडिओच्या कॅमेऱ्यांपेक्षा ते कितीतरी जास्त विकले गेले, आणि बोलपटासाठी त्यांची मोडतोड करायची कुणाला गरजच पडली नाही. पहिल्या सिने-कोडॅकलाही हँडलच होतं: सेकंदाला दोन फेरे.