जलताळेबंद (अपुऱ्या नोंदींवरून)

ठरावीक काळात तलावात आलेल्या, गेलेल्या आणि उरलेल्या पाण्याचा हिशेब म्हणजे जलताळेबंद. नदीनाल्यांवर प्रवाहमापन केंद्रे नसतील तेव्हा तलावाची पातळीच मापकाचे काम करते. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांची एकूण उपयुक्त क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर असून त्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. तुळशी ८,०४६ दशलक्ष लिटरचा, म्हणजे शहराच्या जेमतेम दोन दिवसांच्या गरजेइतका.

पावसावरून पाण्याचा अंदाज बांधायला घाटमाथ्याच्या पाणलोटासाठी इंग्लिस-डिसूझा सूत्र वापरतात: अपधाव (पावसातून वाहून येणारे पाणी) = ०.८५ × पाऊस − ३०.५ (दोन्ही सेंटिमीटरमध्ये). २५० सेंमी पावसाला १८२ सेंमी अपधाव येतो, म्हणजे दर चौरस किलोमीटरला १,८२० दशलक्ष लिटर. हे सूत्र वार्षिक पावसाचे आहे. जूनमधल्या पहिल्या ३०० मिमी पावसाला ते लावले तर उत्तर उणे येते, तरीही ही चूक वरचेवर होते. पर्जन्यमापक विरळ असले की मूळ आकडाच डळमळतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, कुलाब्याला ७३. शहरातल्या नोंदीवरून शहापूर-मोखाड्याकडच्या पाणलोटाचा हिशेब करण्यात अर्थ नाही.

उलटा हिशेब त्यामानाने भरवशाचा: आवक = साठ्यातील वाढ + उपसा + बाष्पीभवन + सांडव्यावरून गेलेले पाणी + गळती. पातळी रोज एकाच वेळी, वारा पडलेला असताना वाचावी. लाटांमुळे १ सेंमी चुकले तरी १० चौरस किमीच्या जलाशयात १०० दशलक्ष लिटरचा फरक पडतो. त्यामुळे एका दिवसाची आवक काढण्यापेक्षा दहा दिवसांची काढणे बरे. बाष्पीभवन मोजायला उघड्यावर ठेवलेल्या पात्रातील पाण्याची घट ०.७ ने गुणतात: पात्रात ६ मिमी, तर तलावात ४.२ मिमी, म्हणजे तेवढ्याच जलाशयातून दिवसाला ४२ दशलक्ष लिटर. गळती मोजायला पाऊस आणि आवक दोन्ही थांबलेले कोरडे दिवस निवडतात. उपसा आणि बाष्पीभवन वजा करूनही जी घट उरते ती गळती, मात्र उपशाचा मापक बिघडला असेल तर तोही दोष तिच्याच खात्यावर पडतो.

सर्वांत दडलेली चूक पातळी-साठा वक्रात, म्हणजे कोणत्या पातळीला किती साठा हे दाखवणाऱ्या आलेखात असते. गाळ भरत जातो, वक्र मात्र जुनाच वापरला जातो. मग कागदावर पाणी जास्त दिसते. अशा तलावाचे पुन्हा खोलीमापन करून नवा वक्र काढावा लागतो.

साखळीतल्या तलावांत दुहेरी मोजणीचा धोका आहे. ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर एकाच नदीवर आहेत. वरून सोडलेले पाणी खाली आवक म्हणून पुन्हा मोजले जाते. तुळशी भरून वाहू लागला की ते पाणी विहारमध्ये उतरते, तेव्हा विहारची आवक पावसाच्या मानाने फुगलेली दिसते.

नियोजनासाठी १ ऑक्टोबरचा साठा पाहतात आणि तो पुढच्या ३१ जुलैपर्यंत पुरवायचा असतो. पुरवठा दिवसाला सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर धरला तर १० टक्के कपातीने महिन्याला ११,७०० दशलक्ष लिटर, म्हणजे तीन दिवसांचे पाणी वाचते. हीच कपात ऑक्टोबरपासून लावली तर महिनाभराचे पाणी हाती राहते, मे संपता संपता लावली तर फार तर सहा दिवसांचे.